संगतीला बसलेल्या बाईचा जबाब

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या डोंगरवाट आरोग्य मंडळाचेही अध्यक्ष, आदरणीय अण्णासाहेब, मुंबईहून वाट वाकडी करून इथवर आलेले प्रमुख पाहुणे, सन्माननीय डॉक्टरसाहेब, रुग्णालयाचे अधीक्षक, व्यासपीठावरचे मंडळाचे सर्व सभासद, जव्हार, मोखाडा, खोडाळ्याहून आलेले शिक्षकबंधू, माझे सहकारी बंधू-भगिनी, पेरणीच्या तोंडावर हातातली कामं टाकून डोंगर उतरून आलेले ग्रामस्थ आणि मायबहिणींनो, आणि ज्यांच्यासाठी हे हार-नारळ आणलेत, ते आमचे ड्रेसर तुळशीदासभाऊ,

सर्वांना माझा नमस्कार. मी सिस्टर चंद्रकला. मूळची सिन्नरची, पण या रुग्णालयात अठरा वर्षं झाली, त्यामुळे आता सिन्नरला गेले की तिथलेच लोक मला पाहुणी समजतात. सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरायची नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते. त्यांनी चिठ्ठी पाठवावी, मी ती चष्म्याच्या डबीत ठेवीन.

आधी गोड बोलून घेते. तुळशीदासभाऊंचा जन्म कधीचा, हे त्यांच्या आईलाही नक्की ठाऊक नव्हतं. शाळेत घालताना गुरुजींनी साऱ्या वर्गाला मिळून एकच तारीख लावली, एक जून. म्हणून आज एकतीस मे दोन हजार तीन रोजी कागदोपत्री त्यांची अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली. त्यांच्या वर्गातली उरलेली मुलंही आज एकाच दिवशी म्हातारी झाली असणार. गुरुजींचा केवढा हा अधिकार!

ड्रेसर म्हणजे काय, हे इथल्या मोठ्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. ड्रेसर म्हणजे जखमेवरची पट्टी बदलणारा माणूस. कालची पट्टी जखमेला चिकटलेली असते. ती ओढली की मिनिटात निघते, आणि तिच्याबरोबर नवी आलेली कातडीही निघते. न ओढता काढायची तर मिठाच्या पाण्यानं भिजवायची आणि थांबायचं. बाहेर रांग असते, डॉक्टर घाई करतात, सिस्टर ओरडते. मी पुष्कळ ओरडले आहे. तुळशीदासभाऊ थांबतात. तेहतीस वर्षं ते असे थांबत आले. या तालुक्यातल्या किती माणसांच्या अंगावरची कातडी केवळ त्यांच्या थांबण्यामुळे राहिली, ते कुणी मोजलेलं नाही. आपल्याकडं मोजायला येणारे पुष्कळ असतात, पण हे मोजायला कुणी आलं नाही.

आता जे मानपत्र वाचलं गेलं, ते फार सुंदर होतं. त्यात 'सहनशील' हा शब्द चार वेळा आला. मी बोटांवर मोजला. सहनशील स्वभाव, सहनशील सेवा, डोंगरी मातीची सहनशीलता आणि चौथ्यांदा कशाची, ते टाळ्यांमध्ये ऐकू आलं नाही. अण्णासाहेब, मला या शब्दाचा राग येतो. साधा राग नाही, तळपायाची आग मस्तकाला जाते. आज मी भाषणाला उभी राहिले ती या एका शब्दापायी.

पंच्याण्णव साली डॉक्टरसाहेब पहिल्यांदा आपल्याकडं आले. आठवतं ना, डॉक्टरसाहेब? त्याआधी वावर-वांगणीची मुलं कुपोषणानं गेली होती आणि मग आपल्या रस्त्याला जीपगाड्यांची रांग लागली होती. कुणी पोरांचे दंड मोजले, कुणी वजनं घेतली, कुणी घरातली भांडी मोजली. डॉक्टरसाहेब दुखणं मोजायला आले. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? गरिबाला दुखतं किती, हे विचारायला कुणीतरी शिकलेला माणूस येतो, यापरतं मोठं काम कोणतं? आजही मी तेच म्हणेन. तो प्रश्न चांगलाच होता, पण विचारताना आम्ही माती खाल्ली.

त्यांच्याकडं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. त्यावर सहा तोंडं काढलेली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि खाली शून्य ते दहा आकडे. पट्टी चालू असताना रुग्णाला विचारायचं, तुला किती दुखतंय, यातलं कोणतं तोंड तुझं? त्यानं बोट ठेवलं की फॉर्मवर आकडा लिहायचा. नियम एकच होता, पण कडक. विचारताना नातेवाईक बाहेर. रुग्णाचा जबाब त्याचा स्वतःचा हवा, दुसऱ्याच्या बोलण्याची त्यात भेसळ नको. मला ते पटलं. मी दाराशी उभी राहून संगतीला आलेल्या एकेकाला बाहेर काढलं. दोनशे चौदा फॉर्म झाले. त्यातले दीडशेच्या वर माझ्या अक्षरातले आहेत. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला बसवलं होतं.

पहिल्याच दिवशी पुंजा आजोबा आले. पाठीत मुठीएवढं गळू. चिरून, निचरा करून पट्टी चाललेली, घामानं अंथरूण ओलं. मी कार्ड पुढं धरलं. आजोबांनी सहाही तोंडं नीट न्याहाळली आणि हसऱ्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "आजोबा, नीट बघा, खरंच हे?" तर म्हणतात, "पाव्हना दुरून आला, बाय. त्याचे हाती रडका तोंड कसा देव?" आम्ही सगळे हसलो. आणि मी फॉर्मवर शून्य लिहिलं.

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले होते. पण त्या शून्याचं पुढं काय झालं ते ऐका.

त्या दोनशे चौदांमध्ये आपल्या जव्हारचे एक मास्तर होते. नाव सांगत नाही, सभागृहात असतील. त्यांच्या पायाला कुरूप झालं होतं. त्यांनी नऊ सांगितले. दुखतच असणार त्यांना, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मास्तरांना माहीत होतं की विचारणाऱ्याला आकडा द्यायचा असतो. शाळेतले, कचेरीतले, बाजारपेठेतले सगळे सहा, सात, नऊ सांगत होते. डोंगरातून आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "काय नाय." हाड मोडलेला म्हणतो काय नाय. बाळंतपणात फाटलेली बाई म्हणते काय नाय. शून्य, शून्य, एक, शून्य. माझ्या सुंदर अक्षरात.

तिसऱ्या दिवशी तुळशीदासभाऊ माझ्याकडं आले. हातात पट्टीचा ट्रे. म्हणाले, "बाय, संगतीचे माणसाला आत घे. आमचेकडं जेला दुखतं तो नाय बोलत. संगतीला आला तो बोलतो."

मी विचारलं, "असं का?"

"आपला दुखना आपनच बोलला का तो आपलेच गळ्यात राहतो. दुसऱ्यानी बोलला का अर्धा तो घेतो. माझी आय तशी सांगं."

सभागृहातल्या मायबहिणी माना हलवताहेत. त्यांना ठाऊक आहे. मला मात्र ठाऊक नव्हतं, आणि सांगणारा समोर उभा असताना मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "तुळशीदासभाऊ, हे शास्त्राचं काम आहे. तुम्ही पट्टीचं बघा." त्यांनी "हां बाय" म्हटलं आणि पट्टीचं बघितलं. डॉक्टरसाहेब, तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याला मी दारातून परत पाठवलं. तुमच्या संशोधनातली सगळ्यात कामाची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली नाही, ती माझ्यामुळे.

पुढं वर्षभरानं अहवाल आला. हिरव्या पुठ्ठ्याचा, गुळगुळीत कागदाचा. आपल्या रुग्णालयाचं नाव त्यात छापलेलं, त्यामुळे मंडळानं पेढे वाटले. मीही खाल्ले. मग पान अकरा वाचलं. त्यावर लिहिलं होतं, या डोंगरी भागातील रुग्णांमध्ये वेदना सहन करण्याची क्षमता लक्षणीयरीत्या अधिक आढळते. झालं! डोंगरातल्या माणसांनी पाहुण्याचा मान ठेवला आणि आम्ही त्यांना दगड ठरवलं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. अहवाल कपाटात पडतात, धूळ खातात. पण आपलं मंडळ काटकसरी. महिन्याभरात परिपत्रक निघालं. वेदनाशामक इंजेक्शनांचा पुरवठा मर्यादित असल्याने, अहवालातील निष्कर्ष पाहता, भाजलेल्या व जखमी रुग्णांना ड्रेसिंगपूर्वी गोळी पुरेशी समजावी. मला सांगा, कुणाला पुरेशी? ज्यांना ती गिळायची होती त्यांना कुणी विचारलं? आणि विचारलं असतं तर पुन्हा नातेवाइकांना बाहेर काढूनच विचारलं असतं ना?

चिठ्ठी आली. 'आवरतं घ्यावे.' ठेवली डबीत.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सोमीला आणलं. वावरच्या पलीकडच्या पाड्यावरची, एकोणीस वर्षांची. चुलीवरून उतरवताना उकळत्या पेजेचं भांडं अंगावर आलं, पोट आणि दोन्ही मांड्या. झोळी करून सडकेपर्यंत आणली, तिथून जीप. संगतीला तिची नणंद हौशी. सर्वेक्षणापासून पडलेल्या शिरस्त्यानं हौशी बाहेर, परिपत्रकाप्रमाणं सोमीला गोळी आणि पट्टी सुरू. त्या पोरीनं तोंडातून आवाज काढला नाही. पदराचा बोळा दातात धरून ती छताकडं बघत होती. आमचे त्या वेळचे अधीक्षक फेरीवर आले आणि सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "बघा, अहवालात वाचलंत ना? कमालीची सहनशील माणसं." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. तेच मला सोसत नाही. कुणी दुष्टपणानं बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ते गेल्यावर तुळशीदासभाऊंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. म्हणाले, "बाय, मी नाय करत." तेहतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं. मग दार उघडून हौशीला आत घेतलं, सोमीच्या उशाशी बसवलं, सोमीचा हात तिच्या हातात दिला आणि भिजलेल्या पट्टीचा कोपरा उचलून हौशीला विचारलं, "कसा हाय?"

आणि हौशी बोलायला लागली. सोमीकडं न बघता, भिंतीकडं बघून. "मांडीला आग लागलीय तिचे. सोलतंय जसा. आता पोटाकडं गेला. थांब. भाऊ, थांब जरा, तिला श्वास घेव दे. आता घे. हळू. आय गं, आय गं!" किंचाळली ती हौशी. सोमीचे ओठ मिटलेलेच. पट्टी सोमीची निघत होती आणि ओरडत हौशी होती, आणि ज्या क्षणी हौशी ओरडे त्या क्षणी सोमीच्या पायाची बोटं आखडत होती. एकदाही चुकलं नाही. मी तीस-चाळीस वर्षं नोकरी केलेली नर्स असते तरी मला याहून अचूक मोजमाप करता आलं नसतं.

मी तिथं उभी होते. माझ्या अक्षरातली ती सारी शून्यं डोळ्यांपुढून गेली. पुंजा आजोबा गेले, त्या फाटलेल्या बाळंतिणी गेल्या. मी कपाट उघडलं, इंजेक्शन भरलं आणि सोमीला दिलं.

हो अण्णासाहेब, मी दिलं. जरा थांबा, अधीक्षकसाहेब, बसून घ्या. मला पुरतं बोलू द्या.

एकोणीस दिवस रोज पट्टीच्या आधी मी ती सुई दिली. एकोणीस दिवस हौशी उशाशी बसली. पहिल्या दिवशी ती किंचाळत होती, शेवटी शेवटी म्हणायची, "चावतंय जरासा." महिनाअखेरीस साठा तपासला, एकोणीस इंजेक्शनं कमी. चौकशी बसली. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. माझे यजमान त्याच्या आदल्या वर्षी गेलेले, पदरात दोन मुली, राहायची खोली रुग्णालयाची. चौकशीच्या सकाळी मी कबूल करायचं ठरवून निघाले होते. वाटेत तुळशीदासभाऊ भेटले. म्हणाले, "बाय, तू गेलीस तर सुई कोन देल? पट्टी कुनी पन करल." आणि माझ्या आधी आत जाऊन त्यांनी सांगून टाकलं, बाय जेवायला गेली तेव्हा किल्ली मी घेतली.

दहा मिनिटांत चौकशी संपली. डोंगरातल्या ड्रेसरनं किल्ली चोरून कपाट उघडलं, यावर पाच शिकलेल्या माणसांचा विश्वास बसायला दहा मिनिटं पुरली. ड्रेसरला इंजेक्शन देता येत नाही, तो ती घेऊन करणार काय, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. सिस्टरकडं तर कुणी बघितलंही नाही. माझं अक्षर चांगलं होतं ना!

तुळशीदासभाऊंच्या सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली. 'औषधांचा गैरवापर. विश्वासास अपात्र. औषधसाठा ताब्यात देऊ नये.' मंडळींनो, त्या ओळीचा अर्थ रोज कसा होतो, ते मी सांगते. त्या दिवसापासून आजपर्यंत, सहा वर्षं, हा माणूस रोज सकाळी भांडारघराच्या दारात उभा राहतो. आज किती जखमा आहेत ते सांगतो, मग शिपाई त्याला मोजून कापूस आणि गॉज देतो. मध्ये संपलं तर पुन्हा जाऊन उभं राहायचं. शिपाई त्याच्या निम्म्या वयाचा. कधी म्हणतो, "काल दिला होता ना, खाता काय कापूस?" मी हे रोज बघितलं. रोज, अण्णासाहेब. सहा वर्षं मी त्यांना विचारत आले, "भाऊ, मनाला लागतं का हो?" आणि ते म्हणत आले, "काय नाय, बाय."

मी ते ऐकून घेतलं. सोमीच्या खाटेपाशी एवढा मोठा धडा शिकूनही ऐकून घेतलं. ज्याला दुखतं तो बोलत नाही, संगतीला असेल त्यानं बोलायचं असतं. त्यांच्या संगतीला कोण होतं? मीच होते. सहा वर्षं मी दाराबाहेर उभी राहिले, या वेळी मला कुणी काढलंही नव्हतं. माझ्या मुली शिकल्या, एकीचं लग्न झालं. प्रत्येक वेळी म्हटलं, एवढं झालं की बोलू. आज तुम्ही त्यांना शाल घालून सहनशील म्हणालात, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मानपत्र लिहिणाऱ्यांना दोष का देऊ? त्यांच्याजवळ हा शब्द आम्हीच आणून ठेवला.

सोमी आज इथं आली आहे. ती बघा, तिसऱ्या सतरंजीवर, मांडीवर पोर आहे ती. शेजारी हौशी. दोघी सकाळपासून चालत आल्या आहेत. मी बोलले ते खरं की खोटं, त्यांना विचारा. मात्र सोमीला विचारायचं असेल तर हौशीला बाहेर काढू नका.

डॉक्टरसाहेब, तुमच्यावर माझा राग होता, पण तुम्ही मघापासून मान खाली घातली आहे, ते मी पाहिलं. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. आम्ही जे भरून दिलं ते तुम्ही मोजलंत. पण पान अकरा आजही खरं मानलं जातं. परिपत्रक आजही कपाटाच्या दाराला चिकटवलेलं आहे, पिवळं पडलंय पण लागू आहे. मी आता पट्टीच्या वेळी संगतीचं माणूस आत बसवते, ते सांगेल तसं केसपेपरवर लिहिते. इंजेक्शनला मात्र सही लागते, आणि सही मागायला गेलं की पान अकरा पुढं येतं. ते पान तुम्ही छापलंत, तुम्हीच दुरुस्त करा. पुन्हा मोजायला या. मी दार उघडं ठेवीन आणि या वेळी प्रश्न कसा विचारायचा ते तुळशीदासभाऊंकडून शिकून घ्या. उद्यापासून त्यांना वेळ आहे.

अण्णासाहेब, या पाकिटात माझा लेखी जबाब आहे, सहीनिशी. किल्ली मी वापरली, सुया मी दिल्या. माझं जे करायचं ते सोमवारी करा. पण ती लाल ओळ आज खोडा. हा माणूस आज संध्याकाळी पाच वाजता सेवेतून मोकळा होतो. ती ओळ घेऊन त्यांनी खोडाळ्याच्या घरी जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या शालीपेक्षा त्यांना त्याची ऊब जास्त होईल.

आता आभार. मंडळानं मला बोलू दिलं, सूत्रसंचालकांनी एकाच चिठ्ठीवर भागवलं, तुम्ही सगळ्यांनी उकाड्यात बसून ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कडू गेला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. मी सहा वर्षं गप्प राहिले, ते मात्र सांभाळून घेऊ नका.

एक राहिलं. सर्वेक्षणाचा एक कोरा फॉर्म माझ्या ट्रंकेत उरला होता. काल मी तो भरला. डॉक्टरसाहेब, हा तुमच्याकडं देते. वाचून दाखवते आणि बसते. रुग्णाचं नाव तुळशीदास. वय अठ्ठावन्न. दुखणं सहा वर्षांचं. संगतीला कोण, असा रकाना तुमच्या फॉर्मवर नव्हता, तो मी हातानं आखला आणि माझं नाव लिहिलं.

बघा, तुळशीदासभाऊ तिकडून हात हलवताहेत. काय नाय, काय नाय, म्हणताहेत.

त्यांचं ऐकू नका. आकडा दहा आहे.